दगडफूल : एक नाव, दोन वारसे

गोडा मसाला करायला घेतला की धने, तीळ, सुके खोबरे यांच्या जोडीला दगडफूल लागतेच. करड्या रंगाचे, चुरगळलेल्या कागदासारखे दिसणारे हे तुकडे नुसते चघळले तर त्यांना फारशी चव नसते. तेलात परतले की मात्र त्यांचा वास घरभर दरवळतो. दगडफूल म्हणजे झाडाचा कोणता भाग, असे वर्गात विचारून पाहा. साल, पान, वाळलेले फूल अशी उत्तरे येतील. यांपैकी एकही उत्तर बरोबर नाही. दगडफूल हा कोणत्याच झाडाचा भाग नाही. झाडाच्या सालीवर किंवा खडकावर वाढणारे ते एक शैवाक आहे.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. शैवाल अन्न तयार करते, बुरशी पाणी आणि निवारा पुरवते, दोघांचाही फायदा होतो. शाळेत आपण एवढे शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ही वाक्ये चुकीची नाहीत. पण एखाद्या चौकस मुलीने पुढे विचारले तर? आंब्याच्या कोयीतून आंबाच उगवतो, कारण आंब्याची जनुके त्या कोयीत असतात. दगडफुलालाही ठरावीक आकार, रंग आणि वास असतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. मग हे गुण कोणाच्या जनुकांत असतात, बुरशीच्या की शैवालाच्या? आणि दोन निराळ्या जीवांचे मिळून झालेले शरीर पुढच्या पिढीकडे जाते तरी कसे?

हे प्रश्न साधे वाटले तरी त्यांनी शास्त्रज्ञांना दीडशे वर्षे कामाला लावले आहे. त्यांची जी उत्तरे आज हाती आहेत ती आपण या लेखात पाहू.

दोन जीव, एक शरीर

दगडफुलाच्या तुकड्याचा पातळ उभा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चार थर दिसतात. सर्वांत वर बुरशीच्या तंतूंची घट्ट विणलेली साल असते. तिच्याखाली हिरव्या गोल पेशींचा पातळ पट्टा असतो, हे शैवाल. त्याखाली कापूस पिंजल्यासारखा पांढरा, पोकळ थर असतो, तोही बुरशीच्याच तंतूंचा. तळाला काळपट साल आणि तिच्यातून निघालेले मुळांसारखे धागे असतात. हे धागे शैवाकाला आधाराला घट्ट धरून ठेवतात. झाडातून अन्न शोषणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून शैवाकाला बांडगूळ म्हणणे योग्य नाही.

शरीराचा बहुतेक भाग बुरशीचा असतो. शैवालाचा वाटा अगदी थोडा. एखाद्या वाड्याच्या भिंती, छप्पर, जमीन सगळे बुरशीचे आणि माडीवर एका खोलीत शैवाल राहते, असे म्हणता येईल. फरक इतकाच की वाड्यातली चूल त्या एकाच खोलीत आहे.

हे सारे आपण आज सहज सांगतो, पण १८६७ पर्यंत शैवाक ही एक स्वतंत्र वनस्पती मानली जात होती. त्या वर्षी सायमन श्वेन्डेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडले की शैवाक हा एक जीव नसून दोन जीवांची जोडी आहे. बुरशी ही मालक आणि शैवाल तिचे गुलाम, अशी उपमाही त्याने दिली. शैवाकांच्या वर्गीकरणात आयुष्य घालवलेल्या अभ्यासकांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. विल्यम नायलँडर हा त्या काळचा मोठा शैवाकतज्ज्ञ अखेरपर्यंत तिच्या विरोधात राहिला. पुढे १८७९ मध्ये आन्टोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने भिन्न जातींच्या जीवांच्या एकत्र राहण्याला जो शब्द वापरला, त्याचेच मराठी रूप म्हणजे 'सहजीवन'. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. द बारीच्या व्याख्येत दोघांचा फायदा झालाच पाहिजे अशी अट नव्हती. परजीवी आणि त्याचा आश्रयदाता यांचे नातेही त्या व्याख्येत बसत होते. 'दोघांचाही फायदा' हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

आज शैवाके बनवणाऱ्या बुरशींच्या सुमारे वीस हजार जाती माहीत आहेत. भारतात यांपैकी तीन हजारांच्या आसपास जाती आढळतात. लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी आपल्याकडील या अभ्यासाचा पाया घातला. पुण्यात, आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी पश्चिम घाटातील शैवाकांवर मोठे काम केले. शैवालांचे प्रकार मात्र बुरशींच्या मानाने फारच कमी आहेत. ट्रेबॉक्सिया नावाचे एकपेशीय हिरवे शैवाल एकटेच निम्म्याच्या आसपास शैवाकांत असते. काही शैवाकांत हिरव्या शैवालाऐवजी नॉस्टॉकसारखे नील-हरित जीवाणू असतात. म्हणजे एकाच प्रकारच्या शैवालाबरोबर शेकडो बुरशींचे संसार चालतात, आणि प्रत्येक संसाराचे रूप वेगळे असते. यावरून पहिला अंदाज बांधता येतो, की रूप ठरवण्यात बुरशीच्या जनुकांचा वाटा मोठा असावा. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमही हेच धरून चालतात: शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव हे त्यातल्या बुरशीचे नाव मानले जाते. शैवालाचे नाव निराळे असते.

हिशेब कोणाच्या बाजूने?

शैवाल बुरशीला अन्न देते हे सिद्ध कसे झाले? ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात यासाठी किरणोत्सारी कार्बन वापरला. शैवाकाला असा कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड दिला आणि तो कोठे कोठे जातो याचा माग काढला. शैवाकात नॉस्टॉक असेल तर कार्बन ग्लुकोजच्या रूपाने बुरशीकडे जातो. ट्रेबॉक्सिया असेल तर रिबिटॉल या शर्करेशी नाते असलेल्या पदार्थाच्या रूपाने. बुरशी लगेच त्याचे मॅनिटॉलमध्ये रूपांतर करते. मॅनिटॉल शैवालाला परत वापरता येत नाही. एकदा दिलेले अन्न असे कायमचे बुरशीच्या खात्यात जमा होते.

खरी गंमत पुढे आहे. शैवाकातून शैवाल वेगळे काढून स्वतंत्र वाढवले, की थोड्याच काळात त्याची ही 'गळती' जवळपास थांबते. बुरशीच्या सहवासात असतानाच शैवाल आपल्या कमाईचा मोठा भाग बाहेर सोडते. ते खुशीने देते की बुरशी काढून घेते?

अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाच्या व्हर्नन अहमादजियान यांनी शैवाक फोडून पुन्हा जोडण्याचे प्रयोग केले. लाल टोपीसारखी फळे धरणाऱ्या क्लॅडोनिया क्रिस्टॅटेला या शैवाकातील बुरशी आणि शैवाल त्यांनी वेगवेगळे वाढवले आणि मग एकत्र आणले. अन्नद्रव्ये भरपूर असतील तर दोघे आपापले वाढत. शैवाक तयार होत नसे. उपासमारीतच जोडी जमे. वेगवेगळ्या जातींची शैवाले दिली तेव्हा बुरशीने काहींशी जोडी जमवली, तर काहींना मारून टाकले. शैवालाच्या पेशीएवढे काचेचे मणी ठेवले तर बुरशीचे तंतू त्यांनाही वेढा घालत! अर्थात मण्यांबरोबर पुढे काही घडत नसे. या सगळ्यावरून अहमादजियान यांनी शैवाकाला 'नियंत्रित परजीविता' म्हटले. बुरशी हल्ला करते; जे शैवाल त्या हल्ल्यात टिकून राहते त्याच्याशी तिचे जमते.

मग शैवालाचा काहीच फायदा नाही का? तसेही म्हणता येत नाही. तळपत्या खडकावर किंवा कोरड्या सालीवर शैवालाला एकट्याने राहणे अवघड असते. बुरशीच्या सालीखाली त्याला कडक उन्हापासून आडोसा मिळतो आणि अशा जागा खुल्या होतात. नफा-तोट्याचा हा हिशेब प्रत्येक शैवाकात वेगळा असू शकतो. 'दोघांचाही फायदा' या दोन शब्दांत तो मावत नाही.

एकटी बुरशी काय करते?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शैवाकातली बुरशी प्रयोगशाळेत एकटी वाढवली तर काय दिसते? दगडफुलाची पाने नाहीत की लाल टोप्याही नाहीत. दिसतो तो एक आकारहीन गोळा, तोही अत्यंत सावकाश वाढणारा. महिनोन्‌महिने थांबल्यावर काही मिलिमीटरचा. जनुके सगळी तीच, त्यांत काहीच कमी झालेले नाही. तरी शरीर घडत नाही. घर बांधण्याची कला बुरशीकडे आहे, पण शैवाल भेटेपर्यंत ती बांधायला घेत नाही.

शैवाल भेटल्यावर काय बदलते, हेही आता थोडेफार पाहता आले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी क्लॅडोनिया ग्रेयाय ही बुरशी आणि तिचे शैवाल यांना एकत्र आणले आणि पहिल्या टप्प्यांतच दोघांची कोणती जनुके कामाला लागतात ते तपासले. एकटे असताना मंद असलेली काही जनुके जोडीदार जवळ येताच जोमाने काम करू लागतात, असे त्यांना २०११ मध्ये दिसले. शैवाक दिसू लागण्याआधीच दोघांत रासायनिक बोलणी सुरू झालेली असतात.

याहून बोलका पुरावा १९९१ मध्ये मिळाला होता. काही शैवाके विचित्र जोडरूपात सापडतात: एका भागात पानासारखे हिरवे रूप, त्यालाच लागून झुडपासारखे काळपट रूप. हिरव्या भागात हिरवे शैवाल असते आणि काळपट भागात नील-हरित जीवाणू. दोन्ही रूपे सुटी सापडत तेव्हा त्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखत. डॅनिएल आर्मालिओ आणि फिलिप क्लेर यांनी दोन्ही भागांतल्या बुरशीचा डीएनए ताडून पाहिला. बुरशी एकच असल्याचे त्यातून दिसले. एकाच बुरशीची तीच जनुके, जोडीदार बदलला की निराळे शरीर.

येथे आपला पहिला अंदाज दुरुस्त करावा लागतो. शैवाकाचा आराखडा बुरशीच्या जनुकांत असतो हे खरे, पण त्या जनुकांत एकाहून अधिक आराखडे असू शकतात आणि कोणता वापरायचा हे सोबत कोण आहे त्यावर ठरते. जनुके आणि परिस्थिती यांचे नाते शिकवताना आपण ऊन, पाणी, खत यांची उदाहरणे देतो. शैवाकात 'परिस्थिती' हाच एक दुसरा जीव असतो आणि त्याला स्वतःची जनुके असतात.

वारसा पुढे कसा जातो?

शैवाकातील बुरशीच्या तंतूंत गुणसूत्रांचा एकच संच असतो. आपल्या पेशींसारखे दोन संच नसतात. लैंगिक प्रजननात दोन केंद्रके एकत्र येतात आणि थोडा वेळच दुहेरी संच तयार होतो. लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन पिशवीसारख्या पेशीत बहुधा आठ बीजाणू तयार होतात. शैवाकावर दिसणाऱ्या वाटीसारख्या किंवा टोपीसारख्या फळांत अशा असंख्य पिशव्या असतात.

बुरशीत नर आणि मादी नसतात, पण अनेक बुरशींत जोडीचे दोन प्रकार असतात. गुणसूत्रावरच्या एका ठरावीक जागी कोणते जनुक आहे यावरून प्रकार ठरतो. युरोपातल्या जुन्या अरण्यांत वाढणाऱ्या लोबॅरिया पल्मोनॅरिया या मोठ्या शैवाकाला बीजाणू करण्यासाठी दोन भिन्न प्रकार जवळ यावे लागतात. जंगल तुटून त्याचे विखुरलेले तुकडे उरले आणि एखाद्या तुकड्यात एकाच प्रकारची शैवाके शिल्लक राहिली, तर ती जगतील, वाढतील, पण लैंगिक पिढी थांबेल. जंगलतोडीचा हा परिणाम नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो समजायला जनुकेच तपासावी लागतात.

सगळ्यांची गोष्ट अशी नाही. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दोन शैवाकांचे एका फळातले बीजाणू एकेक करून वाढवले आणि त्यांच्या डीएनएचे ठसे ताडले. दोन भिन्न पालकांचा संकर असेल तर भावंडांत फरक पडायला हवा. पण सर्वांचे ठसे सारखेच निघाले. म्हणजे या बुरशी जोडीदाराशिवाय, स्वतःशीच प्रजनन करतात. प्रतिकूल जागी, जेथे दुसरा जवळ असण्याची शाश्वती नाही, तेथे ही सोय उपयोगी पडत असणार.

पण लैंगिक प्रजननात एक मोठी अडचण उरतेच. बीजाणू फक्त बुरशीचा असतो. त्यात शैवाल नसते. वाऱ्याबरोबर उडून तो कोठेतरी पडतो, रुजतो आणि मग योग्य शैवाल शोधावे लागते. न मिळाले तर बहुधा सगळे संपते. म्हणून काही बुरशी चोरीही करतात. डिप्लोशिस्टीस मस्कोरम ही बुरशी आधी क्लॅडोनियाच्या अंगावर वाढते, त्याचे शैवाल वापरते आणि पुढे स्वतंत्र झाल्यावर ते सोडून दुसरेच शैवाल घेते.

दुसरा मार्ग सरळ आहे. दोघांनी बरोबरच प्रवास करायचा. अनेक शैवाकांच्या पृष्ठभागावर पीठ भुरभुरल्यासारखे कण किंवा बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. त्यांत बुरशीचे तंतू आणि शैवालाच्या पेशी एकत्र बांधलेल्या असतात. ते सुटतात, वाऱ्या-पावसाबरोबर, मुंग्या-किड्यांच्या पायांना चिकटून दुसरीकडे जातात आणि तेथे नवे शैवाक वाढते. मसाल्यासाठी विकल्या जाणाऱ्या शैवाकांपैकी पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीवर असे बोटांसारखे उंचवटे भिंगातून छान दिसतात.

आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहा. बीजाणूच्या वाटेने बुरशीला दूर जाता येते, संकर झाल्यास जनुकांची नवी सरमिसळ मिळते, नवा जोडीदारही मिळू शकतो. पण धोका मोठा. कणांच्या वाटेने जमलेली जोडी टिकते. पण नवे काही मिळत नाही. शैवाकाला एकच वारसा नसतो, दोन असतात, आणि ते दोन वाटांनी येऊन प्रत्येक पिढीत पुन्हा भेटावे लागतात किंवा हात धरून एकत्र चालावे लागतात.

डीएनएने सांगितलेली वंशावळ

शैवाके हा एका पूर्वजापासून आलेला एकच गट असेल का? १९९५ मध्ये अँड्रिया गार्गस आणि सहकाऱ्यांनी अनेक बुरशींच्या डीएनएचा एक भाग ताडून दाखवले की बुरशींच्या वंशवृक्षावर शैवाक होण्याची युक्ती निदान पाच वेळा स्वतंत्रपणे उगम पावली असावी. म्हणजे 'शैवाक' हे कुळाचे नाव नाही. ती जगण्याची एक रीत आहे. 'वेल' म्हणजे एकच कुळ नव्हे, तसेच हे.

ही रीत किती लवचीक असू शकते? स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले की एकच जात अस्पेन झाडाच्या सालीवर शैवालासह शैवाक म्हणून राहते आणि त्याच झाडाच्या मेलेल्या लाकडावर शैवालाशिवाय, लाकूड कुजवत राहते. दोन्हींना पूर्वी वेगळ्या जाती समजत. डीएनएने त्या एक केल्या. पुढे २०२२ मध्ये शैवाक बनवणाऱ्या अनेक बुरशींचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले. आयते अन्न मिळत असल्यामुळे वनस्पतींचे अवशेष पचवणाऱ्या विकरांची जनुके त्यांनी गमावली असावीत, असा अनेकांचा कयास होता. प्रत्यक्षात त्यांपैकी बऱ्याच बुरशींत ही जनुके शाबूत आढळली. जोडी जमली म्हणून जुनी कौशल्ये सगळ्यांनीच टाकून दिलेली नाहीत.

तिसरे कोणी आहे का?

दोघांची गोष्ट एवढ्यावर संपली असती, पण अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या दोन शैवाकांनी ती लांबवली. ब्रायोरिया गटातली ही शैवाके झाडांवरून केसांच्या जटांसारखी लोंबतात. एक तपकिरी, ते तेथील आदिवासी खात आले आहेत. दुसरे पिवळसर, त्यात व्हल्पिनिक आम्ल हे विष असते. दोघांतली बुरशी तीच, शैवालही तेच. मग एक खाद्य आणि एक विषारी कसे? टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दोन्हींत कार्यरत असलेली जनुके तपासली. ओळखीच्या बुरशीत आणि शैवालात फरक सापडेना. तेव्हा त्यांनी शोधाचे जाळे सगळ्या बुरशींपर्यंत वाढवले. आणि तिसऱ्याच एका जीवाची जनुके सापडली: यीस्टसारखी एकपेशीय बुरशी, शैवाकाच्या सालीत रुतलेली. पिवळ्या शैवाकात ती पुष्कळ, तपकिरी शैवाकात थोडी. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा खळबळ उडाली. दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली जे कोणी पाहिले नव्हते ते जनुकांनी दाखवले.

मग प्रत्येक शैवाकात तिघे असतात का? २०१९ मध्ये ५७ कुळांतल्या ३३९ जातींची अशी तपासणी झाली आणि हे यीस्ट सरसकट सर्वत्र नसते असे दिसले. काही शैवाकांत ते आहे, बहुतेकांत सापडले नाही; विष तयार करण्यात त्याचा नेमका हात किती हेही ठरलेले नाही. विज्ञानात एखादा शोध खळबळ उडवतो, नंतर दुसरे अभ्यासक त्याची मर्यादा आखून देतात, याचे हे ताजे उदाहरण वरच्या वर्गांना जरूर सांगावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

यासाठी वाण्याच्या दुकानातले दहा-वीस रुपयांचे दगडफूल पुरते.

१. तुकडे वेगळे करून त्यांचे गट करा. बाजारातल्या दगडफुलात बहुधा अनेक जाती मिसळलेल्या असतात. रुंद पानांचे, अरुंद फाट्यांचे, काठावर काळे केस असलेले, असे गट मुलेच पाडतील. वरची आणि खालची बाजू भिंगातून पाहायला सांगा. वाट्या, कण आणि उंचवटे शोधायला लावा. कोणत्या तुकड्याने कोणती वाट धरली होती, यावर चर्चा होईल.

२. एक तुकडा पाण्यात बुडवा. भिजल्यावर वरची साल थोडी पारदर्शक होते आणि बऱ्याचदा खालच्या शैवालाची हिरवट छटा दिसू लागते.

३. ब्लेडने वरची साल हलकेच खरवडून आतला पांढरा थर उघडा करा. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून वरची ताजी निवळ घ्या आणि तिचा एक थेंब त्यावर टाका. पार्मोट्रेमा टिंक्टोरम असेल तर तेथे लाल रंग उमटतो, कारण त्यात लेकॅनोरिक आम्ल असते. इतर काही जातींत रंग येत नाही. हे आम्ल बुरशी आपल्या जनुकांच्या आधारे बनवते. म्हणून जाती ओळखायला शैवाकतज्ज्ञ अजूनही ही कसोटी वापरतात. ब्लेड आणि थेंब टाकणे हे काम शिक्षकांनीच करावे, आणि तपासलेले तुकडे मसाल्यात परत जाऊ देऊ नयेत.

प्रयोगशाळेच्या कपाटातला लिटमस कागदही या वेळी बाहेर काढावा. त्याचा रंग मुळात रॉसेला या शैवाकापासून मिळवत असत. आम्ल आणि आम्लारी यांची ओळख ज्या कागदाने होते, त्यामागेही हेच सहजीवन आहे.

शाळेच्या आवारातल्या आणि गावाबाहेरच्या झाडांच्या साली ताडून पाहण्याचा उपक्रमही करता येईल. शहरातल्या धुराने शैवाके नाहीशी होतात हे नायलँडरने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत नोंदवले होते. शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि त्यात विरघळलेले सगळे ते थेट अंगातून शोषते. सल्फर डायऑक्साइडने शैवालाचे प्रकाशसंश्लेषण बिघडले की चूल विझते आणि सगळा वाडा बसतो. दोन जीवांच्या भागीदारीत एकाचे दुखणे दुसऱ्यालाही भोगावे लागते.

मसाल्यासाठी दगडफूल रानातून खरवडून आणले जाते. वर्षाला काही मिलिमीटर वाढणाऱ्या शैवाकाचा तळहाताएवढा तुकडा तयार व्हायला बरीच वर्षे लागलेली असतात. खरवडलेल्या फांदीवर ते पुन्हा यायचे तर त्या बुरशीचा बीजाणू आणि तिला चालणारे शैवाल तेथे भेटले पाहिजे, किंवा जवळच्या शैवाकावरचे कण उडून आले पाहिजेत. त्यासाठी जवळपास काही शैवाके शिल्लक ठेवायला हवीत.

तेव्हा त्या चौकस मुलीला काय सांगायचे? आराखडा मुख्यतः बुरशीचा, चूल शैवालाची, पण दोघे भेटल्याशिवाय दगडफूल कोणाच्याच जनुकांतून उगवत नाही, असे सांगावे. 'दोघांचाही फायदा' हे वाक्य फळ्यावर लिहिले तरी त्यापुढे पूर्णविरामाऐवजी प्रश्नचिन्ह ठेवावे, आणि भिंग तिच्या हातात द्यावे.